आतली राखण

आधी बॅटरीची काळी तार काढायची.
मग लाल.
हे उस्ताद रोज सांगतो,
जणू मी रोज नव्यानं कामाला लागते.

रबाळे एमआयडीसी. गल्लीला नाव नाही, नंबर आहे.
मागं पारसिकचा डोंगर, खणून अर्धा उरलेला.
पुढ्यात ठोकळ्यांवर एक सुमो,
कण्याला गंज, पाटी अजून एमएच-०४,
घणसोली ठाण्यातच मोजली जायची तेव्हाची.

हरेश्वर भोईर म्हणाले,
चासीला दोन पट्ट्या मारा, चार मारा, वजन वाढलं तरी चालंल.
आत मात्र डाग नको.
आणि टपरीवर जाऊन गाडीकडं पाठ करून बसले,
ऑपरेशन चालू असताना माणसं बसतात तसे.

तर आतलं माझ्याकडं.
पुढच्या सीटा निघाल्या. मागची निघेना,
बोल्ट गोल झालेले, तिला जागेवरच झाकायचं ठरलं.
गालिचा उचलला तर खाली
नाणी, हळदीचा डाग, टोलच्या पावत्यांचा लगदा,
सुक्या बोंबलाचा वास
आणि केसांची एक पिन.
सगळं बिस्किटाच्या डब्यात ठेवलं, वास सोडून.

डांबराचा थर खरवडला, पट्टीच्या अल्याड वीतभर, पल्याड वीतभर.
तो आधी वितळतो, मग पेटतो,
आणि पेटला की खाली वेल्डिंग करणाऱ्याला कळत नाही.
वायरींचा जुडगा बाजूला ओढून सुतळीनं बांधला,
वेणी घालताना केस मुठीत धरावेत तसा.
काचांना पुठ्ठे. ठिणगी काचेत रुतते,
मग कितीही पुसा, देवीचे वण जात नाहीत.
डॅशबोर्डवर ओलं गोणपाट, सीटवर दुहेरी,
स्टिअरिंगला माझी जुनी ओढणी. सुती.

मग मी आत बसले, उकिडवी,
माळ्यावर पाखरं राखायला बसतात तशी.
गोफणीऐवजी
झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली.

“रेवती, आलो!”
आणि पायाखालच्या भोकांतून निळा उजेड.
त्याच्याकडं बघायचं नाही.
तो आपल्या बाजूला काय टाकून जातो, तेवढंच बघायचं.

एक इंच. थांब.
पत्र्याला हाताची पालथी बाजू, पोराचा ताप बघावा तशी.
पुन्हा एक इंच, पार दुसऱ्या टोकाला.
घाई केली की लोखंड रुसतं,
आणि रुसलेल्या चासीची गाडी
आयुष्यभर एका अंगानं चालते.

ठिणग्या येतात. गोणपाटावर चुर्र करून मरतात.
एक सुटली.
मागच्या सीटकडं गेली, एवढं पाहिलं, मग दिसेना.
अंदाजानं पाणी मारलं.
वास आला नाही.
वास आला नाही म्हणजे काही झालं नाही,
असं आयटीआयत शिकवत नाहीत.

संध्याकाळी झाकण काढलं.
डाव्या दाराशी, सीटवर,
हरभऱ्याएवढं भोक, कड काळी.
उस्ताद काही बोलला नाही. बोलला असता तर बरं होतं.
मीच टपरीवर गेले.
काका, एक ठिणगी राहिली माझ्याकडून.

ते आले. वाकले.
भोकात करंगळी घातली, बराच वेळ ठेवली.
“यो? यो त बापाशीचा.
बिडी पेटवाचा न् झोपाचा.”
मग, वर न बघता,
“यावर पन वला टाकलावता ना?”
हो, म्हटलं. दुहेरी.

लाल तार जोडली, शेवटी काळी.
टेपचं घड्याळ जागं झालं: बारा. बारा. बारा.
बाहेर साडेसहा होऊन गेलेले,
कंपन्यांच्या बसा भरत होत्या.
भोईरांनी घड्याळ लावलं नाही.
डबा उघडला, पिन बघितली,
झाकण दाबून बसवलं.

माझी ठिणगी कुठं गेली
मला अजून माहीत नाही.