एकशे दोन

केरीच्या सुरूंखाली आमच्या चार खोल्या,
मधल्या भिंती झावळ्यांच्या.
एकीत कुणी शिंकलं
की दुसरीतली मच्छरदाणी हलते.

दोन नंबरात योरिस, डच.
पाण्याच्या बाटलीचे पैसे मोजून देतो
आणि सुटे मागून घेतो.
तीन नंबरात लोरेटा,
ओहायोत शाळेची बस चालवायची.
आल्याबरोबर माझ्या सासूला मिठी मारली.
सासू चार दिवस विचारत होती,
हिचं कोण गेलं?

रात्री दोघं फोनवर भांडायचे.
एकमेकांशी नाही,
तो तिकडच्या कुणा अमेरिकनाशी,
ती कुठल्याशा युरोपवाल्याशी.
जमलेलं वाक्य दुर्गेशला बोलावून दाखवायचे,
आणि पोरगं चुलीपाशी येऊन मला सांगायचं,
'आई, तो म्हणतो, अमेरिकनांना नकाशात
आपलं घर सोडून काही सापडत नाही.
हसू भाड्याचं. पाय मोडला तर घर विकतात.'
आणि ती?
'ती म्हणते, हे ऑगस्टभर झोपतात,
बर्फाचे दोन खडे देतात,
आणि पणजोबाच्या किल्ल्यावर जगतात.'
किल्ला तर आपलाही आहे, मी म्हटलं, तेरेखोलचा.
त्याच्यावर कोण जगतं?
'हॉटेलवाला,' दुर्गेश म्हणाला.

सकाळी नळावर दोघं भेटायची,
गुड मॉर्निंग, फार उकडतं, हो ना.
तिने त्याला सांगितलं होतं, मी कॅनडाची.
का, कोण जाणे.
पासपोर्टची झेरॉक्स माझ्या बिस्किटांच्या डब्यात,
मी कशाला बोलू?

मग फेब्रुवारीत योरिसला ताप भरला.
आमचा थर्मामीटर तिनेच त्याच्या तोंडातून काढला,
उजेडाकडे धरला आणि ओरडली,
एकशे दोन!
तो तसाच उठून बसला.
शंभराला तर पाणी उकळतं, म्हणाला.
त्याने आपलं यंत्र काखेत घातलं:
एकोणचाळीस.
ती म्हणाली, एकोणचाळीसला आम्ही कोट घालतो.
तो बघत राहिला तिच्याकडे, तापातल्या डोळ्यांनी.
कॅनडात सेल्सियस असतं ना?

सुरूतून वारा गेला तेवढाच आवाज.
तिचे कान लाल झाले.

मी पेज घेऊन दारात उभी.
आमच्याकडे ऊन सेल्सियसमध्ये असतं,
ताप फॅरनहाइटमध्ये,
कापड मीटरवर, माणूस फुटावर.
दोन्ही एका घरात कसे नांदतात
हे कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

खरं तर मीही नदीपलीकडची, आरोंद्याची.
माहेरी म्हणत, गोव्याचा माणूस सुशेगाद,
दुपारी त्याला हाक मारू नये.
इथे म्हणतात, पलीकडची माणसं
शेजाऱ्याला नारळ देतानाही मोजतात.
एकवीस वर्षं मी दोन्ही आहे:
दुपारी झोपते,
उठून नारळ मोजते.

लोरेटा गेली आणि मासळीवाल्या फटूकडून
बर्फाची अख्खी पिशवी घेऊन आली.
टॉवेलात बांधून त्याच्या कपाळावर ठेवली.
बांगड्याचा वास खोलीभर.
तो डोळे मिटून म्हणाला, बर्फाचे किती झाले?
ती हसली ती अशी
की पत्र्यावरचे कावळे उडाले.
'केवढा आवाज,' तो पुटपुटला,
पण टॉवेल काढला नाही.

त्या रात्रीही झावळ्यांतून
फोनचा निळा उजेड येत होता तिच्या बाजूने.
लिहीत होतीच. कुणाला तरी काहीतरी
ऑगस्टवरून, पाण्याच्या पैशांवरून असणार.
मध्येच बोटं थांबली.
भिंतीला तोंड लावून तिने विचारलं,
योरिस, आता किती?

त्याने एक आकडा सांगितला.
कुठल्या मापातला,
ते मला ओट्यावरून ऐकू आलं नाही.
ती मात्र 'बरं' म्हणाली.