तारेचे दहा

अडावदच्या बाजारात सुंदाबाई लोहारणीनं
घडीचा चाकू माझ्या हातातून काढून घेतला.
"जंगलखातानी ना तू? मग सांधा कसाले?
जठे सांधा, तठे मोडस."

तिनं दिली ती ट्रकच्या कमानपाट्याची,
वीतभर, पाठीला जाड,
पातं मुठीतून थेट शेवटापर्यंत गेलेलं,
दोन्ही अंगांना अंजनाचं लाकूड, तांब्याचे तीन खिळे.
नखानं टिचकी मारली. "ऐक."
मी ऐकलं. काही कळलं नाही, मान डोलावली.

तेव्हापासून दर शनिवारी, वैजापूरच्या चौकीत,
सहाणेवर पाणी, पातं तिरकं,
एका अंगाला वीस, दुसऱ्याला वीस,
मग जुना पट्टा, मग तिळाच्या तेलाचा बोळा.
पावसाळ्यात म्यानात ठेवायची नाही:
चामडं ओल धरतं,
एका रात्रीत लोखंडाला देवी येतात.

माघात नाल्याकाठी भेकर अडकलेलं,
क्लचच्या तारेचा फासा मागच्या पायात.
पक्कड चौकीत. चौकी सहा किलोमीटर.
तारेवर सुरी चालवू नये, मला ठाऊक होतं.
चालवली.

सुंदाबाईनं धारेवर आडवा अंगठा फिरवला,
तो एका जागी थांबला.
"काय कापं?"
"तार."
"सुटनं का?"
"लंगडत गेलं."
ती चाकाकडे वळली. ठिणग्या
तिच्या बांगड्यांवर पडत राहिल्या.
"धारना वीस. तारना दहा जास्त."

दिले.
दात पुरता गेला नाही अजून.
शनिवारी तेल पुसताना
फडक्याचा एक धागा
तिथं अडकतो.