व्यवहाराचा तपशील

पास्कूचा फोन आला तेव्हा मी नगरपरिषदेत
पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लावत होतो.
"अठरा हजार होये होते. आजच."
मागे वेंगुर्ला बंदरावर बर्फ फोडल्याचा आवाज.
आणि कुणीतरी रडत नव्हतं,
त्या न रडण्याचाही एक आवाज, अगदी फोनजवळ.

पगार आदल्या दिवशीच जमा झालेला.
पण तो आमच्याकडे रात्रीपुरता वस्तीला येतो,
सकाळी कालिंदी त्याची पाकिटं करते:
किराणा, गॅस, विमा, लाइटबिल, पेट्रोल.
त्यांवर नावं असतात, आपलं नसतं.

राहिलं कार्ड.
कणकवलीत टेबल मांडून बसलेल्या एका पोराने
छत्री भेट देऊन गळ्यात मारलेलं.
छत्री त्याच वर्षी मोडली.

एटीएमच्या दारात उभा राहून
मोबाइलवर बारीक अक्षरं वाचली.
रोख काढलीत तर पाचशे जागच्या जागी,
आणि व्याज त्याच दिवसापासून चालू.
बिनव्याजी दिवस फक्त खरेदीला.
म्हणजे मी टीव्ही घेतला तर बँक थांबणार,
पास्कूसाठी एक रात्रही नाही.

हार्डवेअरवाला राजग्या म्हणाला,
"माझ्याकडे घास की कार्ड, रोख देतो,
शेकडा अडीच. बिल रंगाच्या डब्यांचं करू."
माझं घर चिऱ्याचं.
त्याला आजवर रंग माहीत नाही.

मी पास्कूला फोन लावला:
डिझेल हवंय? पंपावर येतो.
जाळं, दोर, गिअरबॉक्स, काय असेल ते सांग,
ज्याचं बिल होतं ते सगळं कार्डावर होतं.

तो बराच वेळ गप्प.
"रे, दिलबहादूराचो बापूस गेलो.
त्येका घराक धाडूचो आसा.
दोन म्हयन्याचो पगार माझ्याकडेच ऱ्हवलो हा.
ह्येचा बिल खयसून हाडू?"

रात्री कालिंदी आदोळीवर तिसऱ्या कापत होती.
मी सगळं सांगितलं, शेकडा अडीचसकट.
तिने मान वर केली नाही.
एक शिंपली, दुसरी, तिसरी.
मग म्हणाली,
"वाण्याकडे कार्ड चालतं ना?
मग पाकिटातलं काढून दे त्याला.
आपण महिनाभर कार्डावर जेवू."

पाकिटं उलटी केली, सोळा हजार दोनशे निघाले.
अठराशे कमी होते.
ते तिने कुठून आणले
मी विचारलं नाही, अजूनही नाही.

सकाळी सहाला बंदरावर
दिलबहादूर कुणाचातरी इस्त्रीचा सदरा घालून उभा.
नोटा त्याने मोजल्या नाहीत.
पास्कूनेच मोजल्या, दोनदा,
आणि कुडाळला गाडीत बसवायला घेऊन गेला.

मग सुरू झाला आमचा कार्डाचा संसार.
वाण्याच्या यंत्राला रेंज नाही,
तो फणसाखाली जाऊन ते आभाळाकडे धरायचा,
आणि आमचा तांदूळ, तूरडाळ, साबण
कागदाच्या चिठोरीवर कुरकुरत बाहेर यायचे.
गॅसवाला म्हणाला, "काय साहेब, रोख संपली?"
मी म्हटलं, हो.

अकराव्या दिवशी पास्कू घरी आला.
मोबाइलवरचा निरोप त्याने आम्हाला ऐकवला:
वारा, कोंबडा, खूप माणसं,
आणि आमच्याच बोलीत एक शब्द,
"पावलंय."
कालिंदी म्हणाली, पुन्हा लाव.

पैसे येत गेले तसे आले.
दोन हजार, मिठाने कडक झालेले.
सहाशे. मग तीन आठवडे काहीच नाही.
मग एक मोरी, वर्तमानपत्रात बांधून,
"ती हिशेबात धरू नको हां."

महिन्याअखेर बँकेचा कागद आला.
किराणा, गॅस, विमा, लाइटबिल, पेट्रोल.
शुल्क शून्य. व्याज शून्य.
त्यात पास्कू नाही,
नेपाळ नाही, कुणाचा बापूस नाही.
बँकेच्या दृष्टीने
त्या महिन्यात आम्ही फक्त खूप जेवलो.

पास्कूकडून अजून साडेतीन हजार यायचे आहेत.
काल दिसला, जाळं विणत बसलेला.
मी मोटरसायकल थांबवली,
आणि बांगडा कसा लागतोय तेवढंच विचारलं.