तेरावी जागा

दरवर्षी दीक्षान्ताच्या आठ दिवस आधी
विद्यापीठाचा शिपाई इतवारीत येतो,
सराफा ओळीत गाडी लावायला जागा नाही म्हणून चिडलेला.
पिशवीत पदकं, पदकांसोबत यादी.
गणिताचं पदक न विचारता ओळखू येतं:
ते जरा लहान आहे.
कुण्या ढोबळेबाईंनी नवऱ्याच्या नावानं
अडुसष्ट साली पाच हजार ठेवले होते,
तेव्हा त्या व्याजात सोनं यायचं.
आता चांदी येते, वर मुलामा.
एम.एस्सी.ला पहिल्या आलेल्याला हे कुणी सांगत नाही.
मीही नाही.

माझं काम काठावरचं.
नाव गोल फिरवून कोरायचं, असं की
शेवटच्या अक्षराचा पहिल्याला धक्का लागू नये.
त्या वर्षी चिठ्ठीवर होतं: मोनाली हेमराज निनावे.
दुकानातला पोरगा बालाघाटचा, नवा.
म्हणाला, काका, शेवटी तर निनावीच लिहिलं आहे.
म्हटलं, तांडापेठेत जाऊन ये एकदा,
अर्धी गल्ली निनावे आहे
आणि प्रत्येकाला नाव आहे.

मग मोजलं. दहा अक्षरं,
मधल्या दोन मोकळ्या जागा,
आणि जिथं वर्तुळ स्वतःला भेटतं ती एक.
तेरा.
कंपास फिरवला, खुणा केल्या,
शेवटच्या खुणेला नेहमीची केसभर चूक.
एकतीस वर्षं हेच. सात आले, नऊ आले, तेरा आले
की हात खोटा पडतो.
वडील म्हणायचे, तुझ्या हाताला बैठकच नाही.
तोडही त्यांनीच शिकवली: उरलं की तिथं फूल कोर.
फुलाला कोणी माप विचारत नाही.

समारंभ होऊन चौथ्या दिवशी ती आली.
वाटलं, सोनं किती ते विचारायला;
येतात काही जण, मान खाली घालून.
तिनं पदक काउंटरच्या काचेवर ठेवलं
आणि फुलावर बोट टेकवलं.
"हे कशाला काढलं भाऊ?"
शोभेला, असं सांगता आलं असतं.
"चूक झाकायला," म्हटलं.
"भाग किती पाडले होते?"
"तेरा."
झाडलोटीत हरवलेला मणी सापडला की
आमच्या ओळीत माणसाचं तोंड होतं, तसं तिचं झालं.
"तेरा पडतच नाहीत. कंपास आणि पट्टीनं तर नाहीच.
सात नाही, नऊ नाही.
तुमच्याच काय, कोणाच्याच हातानं नाही.
सिद्ध होऊन दोनेकशे वर्षं झाली."

कूलरचा पंप घरघरत राहिला.
बालाघाटचा पोरगा चहा आणायचं विसरला.
मला वडिलांचा राग यायला हवा होता.
मला त्यांच्या बांगड्या आठवल्या,
त्यांच्या ताटल्या, त्यांचे करंडे:
सगळीकडे कुठं ना कुठं
एक फूल.

जाताना पायरीवरून वळून म्हणाली, सतरा मात्र पडतात.
परत आत आली, बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं,
गोलात गोल, रेघेवर रेघ,
विणकराच्या पोरीची रेघ, कुठंच सैल नाही.
तो कागद अजून काचेखाली आहे.
सातव्या पायरीला मी हरवतो.
तरी चौदा अक्षरी नावाची वाट पाहून राहिलो,
दुकानांच्या पाट्या मोजतो, लग्नपत्रिका मोजतो.

यंदाची यादी आली: भूपेश मारोतराव मडावी.
अकरा. आणि तीन. चौदा.
म्हणजे नाही.
नाव कोरलं. फूल कोरलं नाही.
केसभर जागा तशीच उघडी ठेवली,
भिंगातून पाहिलं तर दिसेल एवढी.

परीक्षा विभागातून फोन:
"खरवडेभाऊ, गणिताचं फूल राहिलं वाटते."
राहिलं नाही, म्हटलं. ती बाकी आहे.
"बाकी? कोणाकडे?" साहेब घाबरले,
आणि बिल तीन प्रतींत मागितलं.