बारा मिनिटं

सकाळी सहाला हँगरचं दार ढकलायला दोघं लागतात,
गेंदालाल, आणि ज्याची पाळी असेल तो.
आज माझी.
दार रुळावर अडतं, मग एकदम सुटतं,
आत ते उभं असतं, एका चाकावर किंचित कलून,
वयाने माझ्या दुप्पट,
इंजिनाच्या झाकणात चिमणीने रात्रीत आणून टाकलेल्या चार काड्या.

गेंदालाल काड्या काढतो. फेकत नाही,
खिडकीच्या फळीवर ठेवतो.
मग टाकीखालून काचेच्या नळीत जरासं पेट्रोल घेऊन
उजेडाकडे धरतो. निळं.
पाणी असलं तर तळाशी बसतं, म्हणतो,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखं गप्प.

एका तासाचे पैसे म्हणजे
सियागंजातल्या आमच्या दुकानाचे सहा दिवस.
बाबा नट-बोल्ट वजनावर विकतात,
मी त्यातून मिनिटं विकत घेते.
ढग खाली आले की दिवस वाया, धुकं असलं की वाया,
वाया दिवशी आम्ही पाच जण कठड्यावर पोहे खात
तळहातांची विमानं करून
हवेत डावीकडे वळत राहतो.

कॅप्टन डबीर निवृत्त झालेत असं सगळे म्हणतात,
ते म्हणत नाहीत.
तेवीस तासांत निदान दोनशे वेळा त्यांचं तेच वाक्य:
"उतरू नकोस. त्यालाही उतरू देऊ नकोस.
जमिनीच्या हातभर वर नुसतं धरून ठेव.
उतरायचं तेव्हा उतरेल."
मी उतरायला जायची
आणि विमान उसळायचं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
टॉवरमधला आवाज अशा वेळी फार सभ्य असतो.

गेंदालाल कधीच उडलेला नाही.
टायर बदलता बदलता, वर न बघता, त्याने विचारलं,
घरात लहान मूल आहे?
आहे. दादाची शर्वी, दीड वर्षाची.
खांद्यावर झोपली की गादीवर ठेवता कशी?

त्या रात्री मी ठेवलं तिला.
वाकले. थांबले. गादी लागली तरी हात काढला नाही,
वजन हळूहळू माझ्यातून निघून
तिचं तिचं झालं.

मंगळवारी तिसऱ्या फेरीनंतर, इंजिन चालू असतानाच
डबीर सरांनी पट्टा सोडला, उतरले,
रिकाम्या खुर्चीवर तो पुन्हा नीट बांधला
जणू तिथे कोणी बसलंय,
आणि मागे न बघता चालू लागले.

बहात्तर किलो कमी झाले की विमान वेगळंच असतं,
ठरल्या जागेच्या कितीतरी आधी उठलं.
बिजासनची टेकडी डाव्या पंखाखालून गेली,
देवळाचा झेंडा, नारळवाल्यांच्या छत्र्या,
लांबवर यशवंतसागराचा चकाकता पत्रा.
घर शोधायचं ठरवलं होतं. सुदामानगर वरून सगळं सारखंच,
टाक्या, टाक्या, टाक्या.

रेडिओवर मी इंग्रजीत होते.
हँगरमध्ये हिंदीत असते.
शेवटच्या वळणानंतर बटण सोडलं तर
कोणीतरी मराठीत बोलत होतं:
हां, हां, झोप. कुठ्ठे जात नाहीये मी.

चाकं टेकली ते मला फक्त आवाजावरून कळलं.

हँगरसमोर गेंदालाल उभा,
हातात आगीसाठीची लाल बादली, वाळूने भरलेली.
सगळा वेळ तशीच धरून होता, पोरांनी नंतर सांगितलं.
त्याने वाळू ओतली, त्याच बादलीत नळाचं पाणी घेतलं
आणि रिवाजाप्रमाणे माझ्या डोक्यावर रिकामी केली.

लॉगबुकात सरांनी लिहिलं:
एकटी. शून्य तास, बारा मिनिटं.
शेरा: फ्लॅप उशिरा.

रात्री केस विंचरले तेव्हा फणीतून वाळू पडली
बाबांच्या हिशेबाच्या वहीवर.
त्यांनी झटकली नाही.
बोटाने एका बाजूला केली
आणि बेरीज पुढे चालू ठेवली.