नाहीसा

परीक्षेला अकरा दिवस.
स्पंजांच्या गोणीवर पाय ठेवून मी वाचतेय:
एकच गोष्ट, एकाच वेळी, एकाच अंगाने
असूही शकत नाही आणि नसूही.
सेवास्ती आत्या कात्रीने स्पंज गोल करतेय,
कातरण पडतंय वहीवर,
त्यात अजून वाळू आहे, समुद्राच्या पोटातली.

"मोठ्यानं वाच," ती म्हणते.
वाचते.
"हे सांगायला एवढं जाड पुस्तक लागलं?"
कात्री थांबत नाही.

कालिम्नोसवर कुठल्याही घरात विचारा,
स्पंज म्हणजे काय ते आधी नाकाला कळतं.
वर येतो तेव्हा काळा, बुळबुळीत, जिवंत;
होडीवर पायाखाली तुडवायचा, त्यातलं दूध निघेपर्यंत,
दोरीला बांधून पुन्हा पाण्यात सोडायचा,
मग उरतं ते पिवळं, हलकं, भोकाभोकांचं,
पर्यटक ज्याला स्पंज म्हणतात.
साकेल्लारी मास्तर विचारतात,
बदललं ते कशाचं बदललं?
या सगळ्याच्या खाली काय पडून राहिलं?
'खाली पडून राहिलेलं'.
जुन्या ग्रीकमधला शब्द खरंच तसा आहे,
मी फक्त आजच्या बोलीत आणतेय,
आणि वर्गात, सतरा जणांत,
माझीच मान खाली जाते.

मिकेस आतोबा तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात,
बावीस वाव खाली उतरले.
हवेची नळी वर आली.

लोक म्हणतात, नाहीसा झाला.
नाही झाला, असं कुणी म्हणत नाही.
शेवटी तो एक 'सा' आहे,
नाही-सारखा, नाहीच्या जवळपासचा,
आणि आत्या त्या एका अक्षरावर
तीन वर्षं खुर्ची टाकून बसलीये.

शनिवारी आम्ही बंदरावर गेलो, नोटरी हुल्लिसकडे.
होडी विकायची तर मालकाची सही हवी,
नाहीतर मालकाच्या मरणाचा दाखला.
"कागदावर ते जिवंतही नाहीत, मेलेलेही नाहीत,"
हुल्लिस चष्मा पुसत म्हणाले,
"द्रव्याची वाटणी सध्या होणार नाही."
द्रव्य!
मला हसू फुटलं, आवरेचना.
माझ्या वहीत पानंच्या पानं हाच शब्द:
वस्तूचं मुळातलं असणं,
जे दुसऱ्या कशाच्या आधारानं नसतं.
आणि इथे: एक होडी, दोन खोल्या,
लिंबाची चार झाडं, त्यातलं एक वठलेलं.
आत्यानं टेबलाखालून चिमटा काढला.

रात्री तिला समजावू पाहिलं.
'एकाच अंगाने' म्हटलंय ना, तिथे फट आहे, आत्या.
एका अंगाने ते समुद्रात आहेत,
दुसऱ्या अंगाने, ही बघ, तुझ्या हातात त्यांची कात्री.
नियम मोडत नाही. कुणीच खोटं ठरत नाही.
तिनं ऐकून घेतलं. चांगली ऐकते ती.
मग म्हणाली, "अंगं मोजू नकोस, पोरी.
मला अख्खा माणूस हवा होता."

बाहेर कुणीतरी होडीचं इंजिन सुरू करून बघत होतं,
लागत होतं, बंद पडत होतं.

मास्तर म्हणतात, हा नियम न मानणाऱ्याला हरवायला
पुरावा लागत नाही.
त्यानं अर्थ असलेला एक शब्द बोलावा,
की सापडला.

आत्या बोलत नाही.
ताटल्या मांडते. तीन.
मी वही मिटते, कातरण झटकते,
आणि तिसऱ्या ताटलीपुढची खुर्ची
थोडी मागे ओढून ठेवते,
माणूस बसू शकेल इतकी.