चुंबळ

कोपरखैरण्याच्या त्या गाळ्यात पूर्वी भांड्यांचं दुकान होतं.
आता काचेचं दार, आत गार हवा,
आणि चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा.

निधी भोईर मॅडम घणसोली गावातली,
माझ्या धाकटीहून लहान.
पहिल्या दिवशी विचारलं, काका, काम काय करायचात?
म्हटलं, माथाडी. तुर्भ्याला, धान्यबाजारात. एकतीस वर्षं.
गोणी शंभर किलोची होती तेव्हापासून.
तिनं एमआरआय उजेडाला धरला,
माझ्या मणक्यांची थप्पी वरून खाली बघितली.
चौथ्या-पाचव्याच्या मधली गादी बाहेर आलेली.
मुकादम असता तर ओरडला असता,
कुणी लावली रे ही? उतरवा परत.

उजवा पाय उचला, म्हणाली. सरळ. सावकाश.
मी उचलला.
बघतो तर पाय खाटेवरच.
एवढ्या गाड्या रिकाम्या केल्या या अंगानं,
आणि हा एक पाय हलेना.
ह्याची वाराई कुणाकडं मागायची?

दोन महिन्यांनी तिनं मला गाड्यावर घेतलं.
लाकडी चौकट, खाली चाकं, वर सरकती गादी,
टोकाला स्प्रिंगा, लाल, निळी, पिवळी.
ह्याला पिलाटेस म्हणतात.
आयुष्यभर हातगाडी ओढली,
हातगाडीवर झोपायची पहिलीच वेळ.
(खोटं आहे. दुपारी झोपायचो की सावलीला.
पण तेव्हा ती चालत नसे.)

किती किलो लावलेत, मॅडम?
इथं किलो नसतात, काका.
श्वास सोडत ढकला, श्वास घेत परत या.
परत येताना हळू. ढकलणं कुणालाही जमतं.

आम्ही उचलताना श्वास कोंडायचो.
सगळी टोळी. दात आवळून, पोट दगड करून,
आणि गोणी थप्पीला लागली की सगळ्यांचा एकदम
हुं.
तो हुं अजून निघतो तोंडातून.
ती हसते. मग म्हणते, हा आधी सोडायचा.

दुखणं गेलं नाही. आता सांगून येतं, इतकंच.
परवा गॅसवाल्या पोरानं सिलिंडर दारात ठेवला
आणि माझा हात आपोआप पुढं गेला.
शेवंता स्वयंपाकघरातून नुसती बघत राहिली.
हात मागं घेतला. पोराला म्हटलं, आत ठेव बाबा.
एवढं वाक्य बोलायला
मला सगळ्या व्यायामांपेक्षा जास्त दम लागला.

मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या चटईवर हिरजीभाई.
तूर, मूग, मटकी. माल त्याचा, खांदा आमचा.
दोन्ही गुडघे बदललेले, पायात उंची मोजे.
त्यानं मला ओळखलं नाही.
मी ओळखलं, चेहऱ्यावरून नाही, मोजण्यावरून.
मॅडम म्हणते दहा वेळा,
आणि हा सातानंतर थेट नऊ म्हणतो.
गोण्या मोजताना बरोबर उलटं करायचा,
नऊ उतरल्या की सात.

मी छताकडं बघत म्हटलं,
आठ, हिरजीभाई.
त्यानं मान वळवली. बराच वेळ बघितलं.
शेडगे?
पुढं दोघंही काही बोललो नाही.
त्यानं गुडघा परत वाकवला आणि हळूच म्हणाला, आठ.

शेवटी मॅडम दिवे मंद करते.
आज तिनं टॉवेल घेतला, गुंडाळला,
आणि माझ्या मानेखाली सरकवला.
मी ताठ झालो.
अंगाला एवढंच ठाऊक, चुंबळ लागली
की मागोमाग वजन येतं.
डोळे मिटून वाट बघितली.
खांदे तयार, पोट तयार, श्वास कोंडलेला.

सोडा, काका, ती म्हणाली.

वरून काहीच आलं नाही.
पलीकडं कुणीतरी पाणी पीत होतं.
हिरजीभाई झोपेत मोजत होता,
सहा, सात,
मी कान देऊन होतो.